नराची जननक्षमता: प्रयोगशाळेतील उंदरांच्या वाणांनी काय शिकवले?

प्रयोगशाळेत पाळल्या जाणाऱ्या उंदरांच्या निरनिराळ्या वाणांमध्ये नरांची जननक्षमता सारखी नसते. खाद्य तेच, पिंजरा तोच, तापमान आणि उजेडाचे तासही तेच. तरीही एका वाणाचे नर महिनोन्महिने पिल्ले देत राहतात, दुसऱ्या वाणाच्या नरांचे बरेचसे शुक्राणू वेड्यावाकड्या आकाराचे निघतात, आणि दोन जननक्षम वाणांच्या संकरातून जन्मलेले नर कधीकधी पूर्णपणे वंध्य असतात. बाह्य परिस्थिती काटेकोरपणे सारखी ठेवल्यावरही जो फरक उरतो, तो अनुवंशाचा मानावा लागतो.

हा विषय वरवर पाहता प्रयोगशाळेच्या चार भिंतींपुरता वाटतो. परंतु त्याचा संबंध थेट माणसाशी पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अंदाजानुसार जगातील साधारण सहापैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारणाचा पूर्णतः किंवा अंशतः वाटा असतो. तरीही बऱ्याच पुरुषांच्या बाबतीत नेमके कारण सापडत नाही. ते का सापडत नाही, याचे उत्तर शोधताना गेल्या शंभर वर्षांत जोपासलेले उंदरांचे वाण उपयोगी पडले आहेत. त्यांनी दाखवून दिलेली मुख्य गोष्ट अशी, की नराचे वंध्यत्व दर वेळी एखाद्या बिघडलेल्या जनुकामुळे येत नाही. आपापल्या जागी निर्दोष असलेल्या जनुकांची एकमेकांशी जुळणी झाली नाही, तरीही ते उद्भवते.

शुद्ध वाण म्हणजे काय?

मराठीत ‘उंदीर’ हा शब्द दोन वेगळ्या प्राण्यांना लावला जातो. येथे अभिप्रेत आहे तो जेमतेम २० ते ३० ग्रॅम वजनाचा, घराच्या फळीवर किंवा धान्याच्या कणगीजवळ दिसणारा लहान घरउंदीर. त्याचे शास्त्रीय नाव मस मस्क्युलस. माळ्यावर धुडगूस घालणारा मोठा उंदीर वेगळ्या प्रजातीचा आहे.

सख्ख्या भावाबहिणींचा संबंध सलग किमान २० पिढ्या घडवून आणला, की त्या कुळातील सर्व प्राणी अनुवंशाच्या दृष्टीने जवळजवळ एकरूप होतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. सततच्या अंतःप्रजननाने या दोन्ही प्रती सारख्याच होऊन जातात. अशा कुळाला अंतःप्रजनित किंवा शुद्ध वाण म्हणतात. त्यातील दोन नर एकबीज जुळ्या भावांसारखे असतात. त्यामुळे एका वाणाचे नर दुसऱ्या वाणाच्या नरांपेक्षा सातत्याने वेगळे वागू लागले, तर त्या फरकाचे मूळ जनुकांत शोधता येते.

या परंपरेचा आरंभ अमेरिकेत झाला. हार्वर्ड विद्यापीठात विल्यम कॅसल यांच्या हाताखाली शिकणाऱ्या क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९०९ साली डीबीए हा पहिला शुद्ध वाण तयार करण्यास सुरुवात केली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रॅन्बी येथे अ‍ॅबी लेथ्रॉप ही निवृत्त शिक्षिका हौशी लोकांसाठी रंगीबेरंगी उंदीर पैदा करून विकत असे, आणि प्रयोगशाळाही तिच्याकडूनच उंदीर घेऊ लागल्या. तिच्या साठ्यातील ५७ क्रमांकाच्या मादीपासून लिटल यांनी १९२१ साली जो काळा वाण निर्माण केला, त्याचीच शाखा असलेला सी-५७ ब्लॅक-६ हा आज जगात सर्वाधिक वापरला जाणारा प्रयोगउंदीर आहे. लिटल यांनीच १९२९ साली मेन राज्यातील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. उंदराच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा २००२ साली प्रसिद्ध झाला, तोही याच काळ्या वाणाचा.

या इतिहासातील दोन गोष्टी पुढील विवेचनासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की हौशी उंदरांमध्ये युरोपातील आणि जपानमधील प्राण्यांचे रक्त मिसळलेले होते. जुन्या वाणांचा जनुकसंच मुख्यतः पश्चिम युरोपीय उपजातीचा असला, तरी सी-५७ ब्लॅक-६ याचे वाय गुणसूत्र मात्र पूर्वेकडील उपजातीचे आहे. म्हणजे ‘शुद्ध’ वाण हा एकसारखा असतो. एकाच मूळस्थानाचा असेलच असे नाही. दुसरी गोष्ट अशी, की अंतःप्रजनन ही एक कठोर चाळणी आहे. ज्या कुळातील नर वा मादी प्रजननास असमर्थ ठरली, ते कूळ तेथेच संपले. आज उपलब्ध असलेले वाण हे त्या चाळणीतून उरलेले होत. वंध्यत्वाला कारण होणारे जनुकीय मेळ त्यांत सहसा दिसत नाहीत, कारण ते धारण करणारी कुळे केव्हाच नामशेष झाली.

जननक्षमता कशी मोजतात?

नर जननक्षम आहे की नाही, हे पाहण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्याला मादीसोबत ठेवणे आणि पिल्लांची वाट पाहणे. उंदराच्या मादीचा गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा असल्याने उत्तर लवकर मिळते. मात्र पिल्लांची संख्या ही नर आणि मादी या दोघांच्या क्षमतेची बेरीज असते. एफव्हीबी या वाणाच्या माद्या एका वेळी सात ते नऊ पिल्ले देतात, म्हणून त्या वाणाचे नर श्रेष्ठ ठरत नाहीत. नराचा वाटा वेगळा काढण्यासाठी एकाच वाणाच्या माद्या सर्व वाणांच्या नरांसोबत ठेवाव्या लागतात.

याखेरीज काही थेट मोजमापे घेतली जातात. वृषणाचे वजन हे त्यांतील पहिले. उंदराचे एक वृषण साधारण ०.१ ग्रॅमचे असते. ते ठळकपणे लहान आढळल्यास शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी कमी आहेत किंवा मध्येच मरत आहेत, असे अनुमान निघते. त्यानंतर शुक्राणूंची संख्या, त्यांची हालचाल, त्यांच्या डोक्याचा आकार आणि परीक्षानळीत अंडी फलित करण्याची क्षमता तपासतात. वृषणाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की निर्मितीची साखळी नेमकी कोणत्या टप्प्यावर तुटते, हेही दिसते. उंदरात एका मूळ पेशीपासून पूर्ण शुक्राणू तयार होण्यास सुमारे ३५ दिवस लागतात. माणसात याच प्रवासाला साधारण अडीच महिने लागतात.

या प्रत्येक मोजमापात वाणागणिक फरक पडतो, आणि एका मोजमापात मागे असलेला वाण दुसऱ्यात पुढे असू शकतो. उंदराच्या शुक्राणूचे डोके आकड्यासारखे वाकडे असते. पांढऱ्या रंगाच्या बाल्ब-सी या वाणात या आकड्याची घडण बिघडलेले शुक्राणू पुष्कळ असतात. सी-५७ ब्लॅक-६ मध्ये ते फार थोडे असतात. तरीही बाल्ब-सीचे नर पिल्ले देतातच, कारण मादीच्या गर्भाशयातून अंडवाहिनीत जाणाऱ्या अरुंद वाटेवर विकृत आकाराचे बहुतेक शुक्राणू अडतात आणि सुघड शुक्राणूच पुढे जातात.

पोलंडमधील क्राकोव्ह येथे हालिना क्झानोव्स्का यांनी केई आणि सीबीए या दोन वाणांची अनेक वर्षे तुलना केली. केई वाणात विकृत शुक्राणूंचे प्रमाण जास्त आणि फलनाचे प्रमाण कमी होते. संकरांच्या मालिकेतून एका वाणाचे वाय गुणसूत्र दुसऱ्या वाणात आणून त्यांनी दाखवले, की या फरकात वाय गुणसूत्राचाही हात आहे. पुढे वाय गुणसूत्राच्या लांब भुजेचा मोठा भाग गळालेले उंदीर सापडले, तेव्हा या निष्कर्षाला बळकटी मिळाली. त्या उंदरांत विकृत शुक्राणू वाढले होते, आणि पिल्लांमध्ये माद्यांची संख्या जास्त होती.

गोठवलेल्या शुक्राणूंचे कोडे

वाणांमधील हा फरक किती व्यावहारिक महत्त्वाचा असतो, हे शुक्राणू गोठवण्याच्या तंत्रात दिसून आले. जगभरातील संशोधकांनी उंदरांमध्ये हजारो जनुकीय बदल घडवून वेगवेगळे वंश तयार केले आहेत. हे सर्व वंश जिवंत पाळत बसणे परवडणारे नाही. म्हणून नराचे शुक्राणू उणे १९६ अंश सेल्सियस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचे आणि गरज पडेल तेव्हा परीक्षानळीत अंडी फलित करून तो वंश पुन्हा उभा करायचा, हा स्वस्त मार्ग होता. जपानमध्ये नाओमी नाकागाता यांनी रॅफिनोज ही शर्करा आणि साय काढलेले दूध यांच्या मिश्रणात शुक्राणू गोठवण्याची पद्धत विकसित केली आणि ती सर्वत्र रूढ झाली.

डीबीए-२ वाणाचे शुक्राणू या पद्धतीने गोठवून वितळवले, तरी अंडी चांगली फलित होत. सी-५७ ब्लॅक-६ या वाणात मात्र हे प्रमाण अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली राही. ताज्या शुक्राणूंत काहीही उणे नव्हते. उणेपणा प्रकटत होता तो गोठवण्याच्या ताणाखाली. गंमत अशी, की या दोन वाणांच्या संकरातून झालेल्या नरांचे शुक्राणू गोठवणे चांगले सोसत. अडचण ही होती, की बहुसंख्य जनुकीय बदल नेमके सी-५७ ब्लॅक-६ मध्येच केले गेले होते. पुढे शुक्राणूच्या आवरणातील कोलेस्टेरॉल काढून घेणारे सायक्लोडेक्स्ट्रिन आणि अंड्याचे कवच सैल करणारे ग्लुटाथायोन यांचा वापर सुरू झाला आणि या वाणातही फलनाचे प्रमाण पुष्कळ वाढले.

नराची जननक्षमता ही एकच संख्या नाही, हे यावरून स्पष्ट होते. साध्या परिस्थितीत सारखे दिसणारे दोन नर ताण येताच वेगळे ठरतात, आणि तो वेगळेपणा वारशाने आलेला असतो.

दोन सुदृढ वाण, वंध्य मुलगे

घरउंदराच्या तीन प्रमुख उपजाती आहेत. डोमेस्टिकस ही पश्चिम युरोपात, मस्क्युलस ही पूर्व युरोप आणि उत्तर आशियात, तर कास्टेनियस ही दक्षिण आणि आग्नेय आशियात आढळते. भारतातील घरांतून वावरणारा लहान उंदीर प्रामुख्याने या तिसऱ्या उपजातीचा. या तिघींची फारकत सुमारे साडेतीन ते पाच लाख वर्षांपूर्वी झाली असावी. युरोपात डोमेस्टिकस आणि मस्क्युलस यांच्या सीमेवर एक अरुंद पट्टा आहे. तेथे संकर होतो, पण दोन्ही उपजाती एकमेकींत विरघळून जात नाहीत. त्यामागील एक कारण संकरित नरांची घटलेली जननक्षमता हे आहे.

प्राग येथील यिर्झी फोरेट यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा पाच दशके केला. प्रागच्या परिसरात पकडलेल्या मस्क्युलस उंदरांपासून पीडब्ल्यूडी हा वाण तयार झाला होता. या वाणाची मादी आणि सी-५७ ब्लॅक-६ चा नर यांच्या संकरातून होणारे मुलगे वंध्य असतात. त्यांची वृषणे लहान राहतात आणि शुक्राणू तयारच होत नाहीत. मुली मात्र जननक्षम असतात. उलट संकर केला, म्हणजे मादी काळ्या वाणाची आणि नर पीडब्ल्यूडी घेतला, तर मुलांची जननक्षमता कमी होते, परंतु पूर्णपणे नाहीशी होत नाही. दोन्ही संकरांत जनुके बहुतांशी तीच. वेगळे असते ते मुलाला आईकडून मिळणारे एक्स गुणसूत्र. पीडब्ल्यूडीचे एक्स असेल तरच वंध्यत्व पूर्ण होते.

संकरात एकाच लिंगाची संतती वंध्य निघाली, तर ती सहसा दोन भिन्न लिंग-गुणसूत्रे असलेल्या लिंगाची असते, हा नियम जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ साली मांडला होता. हेच हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. सस्तन प्राण्यांत एक्स आणि वाय अशी भिन्न गुणसूत्रे नराकडे असतात, म्हणून तेथे आघात नरावर होतो.

फोरेट आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली या वंध्यत्वाशी निगडित असलेल्या जनुकस्थानाची नोंद केली. ते जनुक प्रत्यक्ष हाती येण्यास २००९ साल उजाडले. त्याचे नाव पीआरडीएम-९. सस्तन प्राण्यांत उपजातींना एकमेकींपासून दूर ठेवणारे असे हे पहिलेच ओळखले गेलेले जनुक.

त्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. शुक्राणू तयार होताना आईकडून आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रे एकमेकांना शोधून जोडीने उभी राहतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. त्यासाठी गुणसूत्रांत ठिकठिकाणी मुद्दाम काप घेतले जातात. काप कोठे घ्यायचे, हे पीआरडीएम-९ पासून बनणारे प्रथिन ठरवते. डीएनएमधील विशिष्ट अक्षरक्रम ओळखून ते तेथे खूण करते. परंतु काप दुरुस्त होताना त्या जागी समोरच्या गुणसूत्राची नक्कल उतरते, त्यामुळे ही खुणेची ठिकाणे पिढ्यानपिढ्या झिजत जातात. प्रत्येक उपजातीत तिच्या स्वतःच्या प्रथिनाची ठिकाणे अशी झिजलेली असतात, आणि दुसऱ्या उपजातीत ती शाबूत असतात. संकरित नरात याचा विचित्र परिणाम होतो. आईकडचे प्रथिन वडिलांच्या गुणसूत्रावर जास्त खुणा करते आणि वडिलांकडचे प्रथिन आईच्या गुणसूत्रावर. समोरासमोर खुणा न जुळल्याने काही गुणसूत्रांना जोडीदारच सापडत नाही, आणि अशा पेशी शुक्राणू होण्याआधीच मरतात.

ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २०१६ साली या स्पष्टीकरणाची सुंदर परीक्षा घेतली. त्यांनी उंदराच्या या जनुकातील खुणेची जागा ओळखणारा भाग काढून तेथे माणसाच्या जनुकातील भाग बसवला. माणसाच्या प्रथिनाची ठिकाणे उंदराच्या कोणत्याच उपजातीत झिजलेली नव्हती. दोन्ही बाजूंना खुणा सारख्या पडल्या आणि एरवी वंध्य ठरणारे संकरित नर जननक्षम झाले. येथे कोणतेही जनुक मोडलेले नव्हते. पीडब्ल्यूडीचे जनुक पीडब्ल्यूडीत उत्तम चालते, काळ्या वाणाचे काळ्या वाणात. बिघाड होता तो दोघांच्या एकत्र येण्यात.

हजार वंशांचा संकल्प आणि ३४७ मृत कुळे

या विसंगतीचे सर्वांत मोठे आणि अनपेक्षित दर्शन एका महत्त्वाकांक्षी प्रकल्पात घडले. माणसातील जनुकीय विविधतेच्या तोडीची विविधता उंदरांत आणावी, या हेतूने संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २००४ साली ‘कोलॅबोरेटिव्ह क्रॉस’ ही योजना मांडली. आठ संस्थापक वाण निवडले गेले. त्यांत ए-जे, सी-५७ ब्लॅक-६, १२९, नॉड आणि एनझेडओ हे पाच प्रयोगशाळेतील प्रस्थापित वाण होते. उरलेले तीन रानटी उंदरांपासून तयार केलेले होते: अमेरिकेतील मेरीलँडचा डब्ल्यूएसबी, थायलंडचा कास्ट आणि प्रागजवळचा पीडब्ल्यूके. अशा प्रकारे तिन्ही उपजाती एकत्र आल्या. या आठांचा ठरावीक क्रमाने संकर करून, नंतर भावाबहिणींच्या संबंधातून हजाराहून अधिक नवे शुद्ध वाण घडवायचे, असा संकल्प होता. हे काम अमेरिका, इस्राएल आणि ऑस्ट्रेलिया येथील केंद्रांतून चालले.

काही पिढ्यांनंतर वंश एकामागून एक थांबू लागले. शेवटी सुमारे ९५ टक्के वंश नामशेष झाल्याचे दिसून आले. यापूर्वी दोन-दोन वाणांच्या संकरातून असे संच तयार झाले होते, त्यांत इतकी पडझड कधी झाली नव्हती. हजारांच्या जागी काही दशक वाण तेवढे हाती उरले.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी या अपयशाचाच अभ्यास केला आणि तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. नामशेष झालेल्या ३४७ वंशांचा जनुकसंच त्यांनी तपासला. त्यांपैकी ४७ टक्के वंशांत नर वंध्य होते. या वंशांतील नरांच्या प्रजनन अवयवांच्या आकारात मोठी तफावत होती, शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होती, आणि शुक्राणू घडवणाऱ्या नलिकांमध्ये पोकळ्या पडलेल्या होत्या. इतर गुणसूत्रांवर आठही संस्थापकांचा वाटा जवळपास सारखा होता. परंतु एक्स गुणसूत्रावर पीडब्ल्यूके आणि कास्ट यांचा वाटा लक्षणीयरीत्या कमी भरला. नरांच्या जननक्षमतेशी आणि प्रजनन अवयवांच्या गुणांशी निगडित असे नऊ जनुकीय प्रदेश सापडले. त्यांतील एक एक्स गुणसूत्रावर होता आणि तेथील वंध्यत्व पीडब्ल्यूकेकडून आलेल्या तुकड्याशी जोडलेले होते. भिन्न उपजातींतून आलेल्या जनुकरूपांची परस्पर विसंगती हे या पडझडीचे प्रमुख कारण असावे, असा तर्क संशोधकांनी मांडला.

या अभ्यासाचे मोल त्याच्या सामग्रीत आहे. अंतःप्रजननाच्या चाळणीतून गळून पडणारी कुळे एरवी कोणी जपून ठेवत नाही. येथे ती जपली गेली, म्हणूनच टिकलेल्यांकडे पाहून जे कधीच कळले नसते, ते कळू शकले.

एकच बदल, दोन परिणाम

आतापर्यंतची उदाहरणे संकरांची होती. परंतु शुद्ध वाणांतही एकच जनुकीय बदल निरनिराळे परिणाम घडवतो. १२९ या वाणातील सुमारे एक टक्का नरांना वृषणात टेराटोमा नावाची गाठ होते, हे लिरॉय स्टीव्हन्स यांना १९५० च्या दशकात जॅक्सन प्रयोगशाळेत आढळले. पुढे ‘टेर’ नावाचा एक बदल सापडला. २००५ साली तो डीएनडी-१ या जनुकात असल्याचे निश्चित झाले. या बदलाच्या दोन्ही प्रती असलेले १२९ वाणाचे बहुतेक सर्व नर अशा गाठींनी ग्रस्त होतात. तोच बदल इतर वाणांत नेला, तर जननपेशी नाहीशा होऊन नर वंध्य होतात, पण गाठी होत नाहीत. जनुकातील चूक तीच; फलित मात्र सभोवतालच्या जनुकांवर ठरते.

पीआरडीएम-९ चीही तीच कथा. हे जनुक सी-५७ ब्लॅक-६ मधून काढून टाकले, की नर पूर्णपणे वंध्य होतो. पीडब्ल्यूडी वाणातून काढले, तर काही नरांत थोडे का होईना, शुक्राणू तयार होतात. उलट दिशेचाही अनुभव आहे. ओसाका विद्यापीठातील मासाहितो इकावा यांच्या गटाने २०१६ साली, प्रामुख्याने वृषणात कार्यरत असणारी ५४ जनुके एकेक करून निकामी केली, तरी नर जननक्षमच राहिले. एका जनुकाची उणीव इतर जनुके भरून काढत असावीत, किंवा ती उणीव रानातील स्पर्धेतच जाणवत असावी.

म्हणूनच, एखादे जनुक ‘वंध्यत्वाचे जनुक’ आहे असे म्हणताना ते कोणत्या वाणात तपासले, हा प्रश्न विचारावा लागतो. एका वाणावरून काढलेला निष्कर्ष सर्व उंदरांनाही लागू पडत नाही. मग तो माणसाला जसाच्या तसा लागू करणे दूरच राहिले.

माणसासाठी अर्थ

माणूस हा अंतःप्रजनित वाण नाही, आणि माणसांमध्ये उंदरांसारख्या उपजातीही नाहीत. त्यामुळे पीडब्ल्यूडी आणि काळ्या वाणाची गोष्ट वेगवेगळ्या प्रांतांतील, जातींतील वा देशांतील माणसांच्या विवाहांवर लावणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. उंदरांपासून घ्यायचे ते शुक्राणूनिर्मितीच्या यंत्रणेचे ज्ञान. टीईएक्स-११ हे एक्स गुणसूत्रावरील जनुक प्रथम उंदरांत अभ्यासले गेले आणि त्यानंतर, २०१५ साली, शुक्राणू तयार न होणाऱ्या काही पुरुषांतही त्यात दोष आढळले. वाय गुणसूत्राचा तुकडा गळाल्याने येणारे वंध्यत्व माणसांतही आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी भारतीय पुरुषांमध्ये त्याचा अभ्यास केला आहे. असा दोष असलेल्या पुरुषाला शुक्राणू थेट अंड्यात सोडण्याच्या तंत्राने मुलगा झाला, तर तोच दोष त्या मुलाकडे जातो. म्हणून उपचारापूर्वी जनुकीय तपासणी आणि समुपदेशन यांना महत्त्व आहे.

आपल्या भाषेने या प्रश्नात एक बाजू आधीच घेतलेली आहे. ‘वांझ’ हा शब्द आपण स्त्रीला लावतो. पुरुषासाठी तितक्याच सहजपणे जिभेवर येणारा शब्द नाही. जो ‘नपुंसक’ हा शब्द वापरला जातो, तो वेगळ्याच अवस्थेचा आहे. नपुंसकत्व म्हणजे समागमाची असमर्थता. वंध्यत्वात समागम सर्वथा स्वाभाविक असूनही शुक्राणू नसतात, कमी असतात किंवा सदोष असतात. वर उल्लेखिलेले वंध्य संकरित उंदीरही धडधाकट असतात आणि माद्यांशी समागम करतात. पौरुषाच्या बाह्य खुणांवरून जननक्षमतेचा अंदाज बांधता येत नाही.

याच चुकीच्या समजुतीमुळे अनेक घरांत मूल होत नसल्यास सुनेच्या तपासण्या वर्षानुवर्षे चालतात आणि मुलाची तपासणी टाळली जाते. वास्तविक वीर्यतपासणी ही सोपी, वेदनारहित आणि तुलनेने स्वल्प खर्चाची आहे. दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करणे हा शहाणपणाचा मार्ग होय. पहिला अहवाल सदोष आला, तर काही आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा करतात, कारण ताप, आजार किंवा औषधे यांचा परिणाम शुक्राणूनिर्मितीच्या अडीच महिन्यांच्या चक्रावर उमटतो.

एक्स गुणसूत्र मुलाला आईकडून मिळते, हे वर आलेच आहे. त्यावरून पुरुषाच्या वंध्यत्वाचे खापर त्याच्या आईवर फोडण्याचा मोह होऊ नये. ज्या एक्स गुणसूत्राने पीडब्ल्यूडीच्या संकरित मुलाला वंध्य केले, तेच त्याच्या आईच्या कुळात पिढ्यानपिढ्या सुदृढ नर देत आले होते. ते गुणसूत्र सदोष नव्हते, आणि वडिलांकडून आलेली जनुकेही सदोष नव्हती. दोष कोणाचा, हा प्रश्न जेथे उंदरांच्या बाबतीतही निरर्थक ठरतो, तेथे माणसांच्या संसारात तो विचारण्यात वेळ दवडण्यापेक्षा, पतीपत्नी दोघांनी मिळून कारण शोधणे आणि उपाय पाहणे अधिक श्रेयस्कर आहे.